नऊ पुढचे, नऊ मागचे

मठात आधी कोण पोचणार, या प्रश्नात सकाळचे दोन तास गेले.

थोरले चंद्रप्पा म्हणाले, आधी जाऊन वाट बघत बसणं थोरल्याला शोभत नाही. धाकटे पंचाक्षरी म्हणाले, थोरला बसल्यावर आपण गेलो तर लोक म्हणतील, बोलावलं म्हणून आला. त्यामुळं दोघांचे टेम्पो वेशीबाहेर, एक चाकूरच्या रस्त्याला आणि एक ओढ्याच्या अंगाला, इंजिन चालू ठेवून उभे राहिले. शेवटी डालग्यांतले हंस तापले आणि असे ओरडायला लागले, की गावातली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली. मग दोन्ही टेम्पो एकदमच निघाले आणि मठाच्या दरवाजात एकमेकांत अडकून बसले.

जनावरांची डॉक्टर वर्षाराणी आत लिंबाखाली टेबल मांडून बसली होती. तिनं घड्याळ बघितलं. या घराच्या कामाला तिचं हे तिसरं येणं होतं.

सहा वर्षांपूर्वी वाटणी झाल्यापासून दोन्ही भाऊ एका जागी आले नव्हते. आजही आले ते हंसांमुळं. पणजोबा शिवप्पांनी निजामाच्या काळात उदगीरच्या एका जहागीरदाराच्या बागेतून हंसांची जोडी आणली, ती आडतीच्या गोदामावर राखणीला. चोर आला की कुत्रं भाकरीला भुलायचं, हंस भुलत नव्हता. पाठ राखाडी, पोट पांढरं, आणि चोचीच्या वर कपाळावर आडवा पांढरा पट्टा. हा पट्टा म्हणजे भस्मच, असं घरात सगळे मानत. चार पिढ्यांत त्यांचं अंडंसुद्धा कुणी खाल्लं नव्हतं. "आमचे हंस जन्मानंच शिवभक्त," असं चंद्रप्पा पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे हात जोडत.

आता असे हंस दुसरीकडं कुठंच सापडेनात. डॉक्टरीण म्हणत होती, ही वेगळी जात म्हणून नोंदवता येईल. त्यासाठी एक कळप लागेल, एक मालक लागेल आणि पिल्लं लागतील. दोघा भावांनी दोन वेगळे अर्ज केले होते. एका अर्जावर लिहिलं होतं, मूळ कळप आमचा. दुसऱ्यावरही तेच लिहिलं होतं.

पिल्लांचा रकाना मात्र दोन्हीकडं कोरा होता.

*

चंद्रप्पांना त्या कोऱ्या रकान्याची फिकीर नव्हती. वाटणीत आलेल्या नवांपैकी एक कुत्र्यानं धरला, आठ उरले. सहा वर्षांत त्या आठांनी एकदाही अंडं घातलं नव्हतं. आधी चंद्रप्पांना वाईट वाटलं. मग त्यांच्या मुलानं, रविकिरणनं, मोबाईलवर एक रील टाकलं, 'ब्रह्मचर्य पाळणारे हंस'. ते चाळीस हजार लोकांनी बघितलं. तेव्हापासून चंद्रप्पांना वाटायला लागलं, की अंडी घालणं हे जरा हलक्या पक्ष्यांचं काम असावं. त्यांच्या कळपातला सगळ्यात देखणा पक्षी होता, त्याचं नाव त्यांनी राणी ठेवलं होतं. रोज सकाळी स्वतःच्या हातानं ते राणीला भिजवलेली ज्वारी घालत.

मठाच्या ओट्यावर दोन सतरंज्या अंथरल्या होत्या. मध्ये चार हात जागा. चंद्रप्पा पूर्वेकडं तोंड करून बसले, मग पंचाक्षरी पश्चिमेकडं तोंड करून. एकमेकांना तोंडं दिसू नयेत, एवढंच बघायचं होतं. दोन्ही सतरंज्यांच्या मधल्या जागेत त्यांची थोरली बहीण शिवकांता जमिनीवरच बसली. तिला घरात सगळे अक्का म्हणत. वय सत्तर. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि तेव्हापासून तिनंच या हंसांचं केलं. वाटणीत अक्काचीही वाटणी झाली होती. गुढीपाडव्यापासून सहा महिने थोरल्याकडं, दसऱ्यापासून सहा महिने धाकट्याकडं.

"करा सुरू," डॉक्टरीण म्हणाली. "एकेक आणून द्या. नर किती, माद्या किती, ते आधी बघायचंय."

"बघायचं काय त्याच्यात?" चंद्रप्पा म्हणाले. "पाच नर, तीन माद्या. मी सांगतो ना."

"कशावरून?"

"चालीवरून."

तिनं हातमोजे चढवले, पहिला हंस मांडीवर उताणा धरला आणि शेपटीखालची पिसं बाजूला केली. चंद्रप्पांनी झटकन मान फिरवली. मठाचे म्हातारे पुजारी उठून गाभाऱ्यात गेले.

"ओ डॉक्टरीणबाई, मठ हाय हा!"

"मग पक्ष्याला कुठं माहीत आहे," ती म्हणाली. "नर."

दुसरा. नर. तिसरा, चौथा. रविकिरण मोबाईल धरून उभा होता. सहाव्याला त्यानं मोबाईल खाली घेतला. आठवी राणी. राणीनं डॉक्टरणीच्या मनगटाला असा चावा घेतला, की हातमोजा फाटला.

"नर," ती म्हणाली. "आठच्या आठ नर आहेत, काका."

चंद्रप्पांनी फिरवलेली मान परत वळवली.

"नीट बगा वो," ते हळूच म्हणाले. "राणीचं तरी नीट बगा."

*

पंचाक्षरीच्या सतरंजीवर आनंदीआनंद झाला. पंचाक्षरी भावाशी बोलत नव्हते, म्हणून ते लिंबाच्या झाडाशी बोलले. "सहा वर्षं ब्रह्मचर्य! अरे, बाईच न्हाई घरात तर काय करतील बिचारे!"

त्यांची बायको मंजुषा मात्र हसली नाही. तिकडं आठही नर. मग इकडं काय?

तिच्याकडच्या माद्या दर माघात अंडी घालत. पोतंभर गवत अंथरून, महिना महिना बसून राहत. खायला उठत नसत, वाळून कोळ व्हायच्या. आणि महिन्याअखेर अंड्यांतून घाण वास यायचा. सहा वर्षं मंजुषानं ती अंडी लिंबोणीच्या बुडाशी पुरली होती. पहिल्या वर्षी तिनं थोरल्या जावेची नजर लागली म्हणून मिरच्या उतरवल्या. दुसऱ्या वर्षी लातूरचा एक वास्तूवाला आला आणि त्यानं खुराड्याचं तोंड फिरवलं. तिसऱ्या वर्षी तो परत आला आणि होतं तसं केलं. पंचाक्षरींना कशाचीच काळजी नव्हती. त्यांच्याकडं सरदार होता. सगळ्यात मोठा, मानेनं जाड. सरदार स्वतः अंड्यांवर बसायचा, तेव्हा पंचाक्षरी शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, "बाप असावा तर असा."

डॉक्टरणीनं सगळ्यात आधी सरदारालाच उचललं.

"मादी."

पंचाक्षरींनी लिंबाच्या झाडाकडं पाठ केली.

"नऊच्या नऊ माद्या," शेवटी डॉक्टरीण म्हणाली आणि पेन खाली ठेवलं. "हे झालं कसं? वाटणी केली कुणी?"

वाटणी रिवाजाप्रमाणं झाली होती. आधी उचलायचा मान थोरल्याचा. खुराड्याचं दार उघडलं, आणि चंद्रप्पा पंचांना म्हणाले, जे छाती काढून पुढं येतील ते माझे, जे मागं राहतील ते धाकट्याचे. शूर कोण नि भित्रा कोण, देवच ठरवील. नऊ जण माना लांब करून, फुसफुसत पुढं आले. नऊ जणी मागं गवतावर बसून राहिल्या. पंचांनी टाळ्या वाजवल्या. माघ महिना चालू होता, आणि त्या का बसून आहेत, हे कुणी वाकून बघितलं नाही.

हे सगळं रत्नम्मांनी, चंद्रप्पांच्या बायकोनं, सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज अभिमानाचा होता, शेवटी शेवटी बारीक झाला.

*

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण हे पक्षी नऊ-दहा वर्षांचे झालेत. अजून एखाददुसरा हंगाम धरा. पंधरा दिवसांत अंडी सुरू होतील. त्याच्या आत नर-माद्या एका जागी यायला पाहिजेत. यंदा नाही झालं, तर पुढच्या वर्षी मी येऊन फक्त फोटो काढीन."

मग रत्नम्मा मंजुषाकडं बघून म्हणाल्या, "मग पाठवून द्या की तुमच्या नऊ जणी. आमच्या घरी काय कमी हाय?"

"आमच्या कामून पाठवू? तुमचे पाठवा."

"पोरीकडच्यांनी पाठवायचं असतंय, मंजुषा. आम्ही पोराकडचे झालो आता."

शब्द पडला आणि चंद्रप्पा सावरून बसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. राणी नर निघाल्याचं दुःख होतं, पण आपण आठ मुलांचे बाप आहोत, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "सांगा त्यान्ला, सोयरीक करायची तर रीतीनं करा. पोरीवाल्यांनी आमच्या दारात यायचं. इचारायचं. मग आम्ही बगू."

"सांगा त्यान्ला," पंचाक्षरी पश्चिमेकडं बघत म्हणाले, "आमच्या पोरींला सहा वर्षं अंडी घालायची सवय हाय. तुमच्या पोरांला कशाचीच सवय न्हाई. गरज कुणाला हाय, ते बगा."

"काका, अण्णा," रविकिरण मध्ये पडला, "आपण असं करू. नर पंधरा दिवसांसाठी काकांकडं पाठवू."

"घरजावई?" चंद्रप्पा ओरडले. "मपल्या घराण्यात कुणी घरजावई गेलाय का? शिवप्पांपासून सांग!"

"मग पोरी तिकडं जातील," मंजुषा म्हणाली, "पण अंडी आमची."

"अंडी तुमची कशी? वंश बापाचा असतोय."

"बसतंय कोण अंड्यावर? तुमची राणी?"

रत्नम्मांना हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण चंद्रप्पांनी बघितलं. "तू कोणाच्या बाजूनं हायस?"

"मी कुठं काय बोलून राहिले," रत्नम्मा म्हणाल्या आणि चार हातांच्या मोकळ्या जागेत दोन हात पुढं सरकून बसल्या. थोड्या वेळानं मंजुषाही सरकली. दोघी कुजबुजायला लागल्या. सहा वर्षांत एकमेकींना सांगायचं राहिलेलं बरंच साठलं होतं आणि त्यातलं हंसांबद्दल काहीच नव्हतं.

पुरुषांची बोलणी मात्र जोरात होती. नर न्यायला टेम्पो कुणी आणायचा. उतरवून घेताना कोण पुढं येणार. पिल्लं झाली तर अर्जावर पहिलं नाव कुणाचं. मध्यस्थ म्हणून पुजाऱ्यांना गाभाऱ्यातून बोलावलं. ते म्हणाले, सोयरीक सगोत्र होत नाही, हे सगळे पक्षी तर एकाच घराण्यातले. मग त्यावर तासभर गेला.

डॉक्टरीण कागद गोळा करायला लागली. "चारला मी निघते. एक कळप, एक मालक. नाहीतर दोन्ही अर्ज 'पैदास शक्य नाही' असा शेरा मारून जातील. मला पण वाईट वाटेल."

*

अक्का डालग्यांशेजारी जाऊन बसली होती. उन्हात धापा टाकणाऱ्या पक्ष्यांना ती ओंजळीनं पाणी पाजत होती. प्रत्येकाला ती ओळखत होती. प्रत्येकजण अंड्यातून निघाला तेव्हा तिच्याच पदरात वाळला होता.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली.

कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं परत म्हटलं, जरा मोठ्यानं. "मला म्हाईत होतं रे. त्याच दिवशी."

चंद्रप्पा वळले. "काय म्हाईत होतं?"

"नराचा आवाज बारीक असतोय, मादीचा जाड. मी ऐकूनच सांगितलं असतं. पुढं आले ते सगळे गडी, मागं बसल्या त्या सगळ्या बाया."

"मग बोलली कामून न्हाईस?" दोन्ही भाऊ एकदम म्हणाले. सहा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"पंच बोलावले, तलाठी बोलावला, चाकूरहून वकील बोलावला. मला च्या करायला बोलावलं." तिनं ओले हात पदराला पुसले. हे बोलून जरा बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. "पण खरं सांगू का, मी मुद्दामच गप बसले. म्हटलं, वरसाच्या आत याला त्याच्या दारात जावं लागंल, न्हाईतर त्याला याच्या. या पाखरांपायी तरी बोलताल. एक माघ गेला. दुसरा गेला. आता सांगावं, मग सांगावं... सरदार दर साली महिनाभर उपाशी बसायची, आन् मी तिच्या म्होरं दाणे ठिवायचे. मला म्हाईत होतं, त्या अंड्यांत काय न्हाई. सहा माघ मी घालवले. तुम्ही मूर्ख हाव, पन पाप मपलं हाय."

मंजुषा लिंबोणीच्या बुडाशी पुरलेली अंडी मोजत होती. मनातल्या मनातसुद्धा ती पूर्ण मोजू शकली नाही.

"डॉक्टरीणबाई," अक्का म्हणाली, "मालक एकच लागतोय ना? मग मपलं नाव लिवा."

"तुझं कसं?" पंचाक्षरी उठून उभेच राहिले. ते हक्कसोडपत्राची प्रत पिशवीतच घेऊन फिरत. कुठल्याही जमावात कधीही लागेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ती काढली. "तू सही केलीस, अक्का. सगळ्या हिश्शावरचा हक्क सोडून. हे बग, यादीच हाय."

"वाच की मग."

पंचाक्षरींनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं. गट नंबर, घर, आडतीचं दुकान, विहिरीची पाळी, पाण्याची मोटार, कडबाकुट्टी, लोखंडी कपाट, पितळी घंगाळ दोन, पाट सहा. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला. त्यांनी पान उलटलं. मागं कोरं होतं.

हंस यादीत नव्हते. वकिलानं तेव्हा विचारलं होतं. पण कागदावर आले तर कायमचे अर्धे होतील, न आले तर कधीतरी सगळेच आपले म्हणता येतील, असा विचार करून चंद्रप्पांनी नको म्हटलं होतं. पंचाक्षरींनीही तोच विचार करून नको म्हटलं होतं.

"मी यादीवर सही केली," अक्का म्हणाली. "यादीत जे हाय ते सुखानं खावा. हंस बापाचे. लेकरं तीन. तिसरा हिस्सा मपला. अठरा होते. तीन गडी तिकडून, तीन बाया इकडून."

"आमच्या नवातला एक मेलाय," चंद्रप्पा म्हणाले.

"तो तुझ्या हिश्शातला मेला."

"आन् ठेवशील कुठं?" पंचाक्षरींनी विचारलं. "तुझं सहा महिन्यांचं खटलं. सहा माझ्याकडं, सहा तिकडं. हंस पण फिरवशील का?"

"लोह्याला."

लोह्याजवळ तिच्या नवऱ्याची दोन एकर होती. पत्र्याचं एक खोपट आणि शेततळं. बाईमाणसानं एकटीनं तिथं राहू नये, असं तेवीस वर्षं दोघा भावांनी सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं होतं.

डॉक्टरणीनं नवा कागद घेतला. "पूर्ण नाव सांगा, मावशी."

अक्कानं सांगितलं. वडिलांचं नाव लावू की नवऱ्याचं, असं डॉक्टरणीनं विचारल्यावर ती म्हणाली, "नुस्तं शिवकांता चालतंय का बगा."

निवड करायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. डालग्यांत हात घालून तिनं सहा जणांना बाहेर काढलं. सरदार घेतली. राणी घेताना चंद्रप्पा पुढं आले, त्यांनी राणीच्या मानेवरून एकदा हात फिरवला. "भिजवलेली ज्वारी खातोय," ते म्हणाले. 'खातोय' म्हणायला त्यांना जड गेलं.

"म्हाईत हाय मला," अक्का म्हणाली.

डालगी पंचाक्षरींच्या टेम्पोत चढली. अक्काही मागंच बसली. टेम्पो हलायच्या आत मंजुषानं चप्पल हातात घेतली आणि मागच्या फळीवर पाय ठेवून वर चढली.

"तू कुठं निघालीस?" पंचाक्षरी.

"ह्या अंड्यांवर बसस्तोवर येते जाऊन."

"आन् घरी सैपाक?"

"थोरल्या बाईंला इचारा. त्यांचा टेम्पो हाय तुमच्याच वाटेवर." रत्नम्मांनी मान खाली घालून हसू दाबलं. सगळं आधीच ठरलेलं होतं, असं त्या हसण्यावरून पंचाक्षरींना वाटलं, आणि ते खरंही होतं.

मठात आता पाच नर आणि सहा माद्या उरल्या. टेम्पो वेशीपर्यंत पोचला नसेल, तोच मागून चंद्रप्पांचा आवाज आला. ते म्हणत होते, पोरीकडच्यांनी आधी बोलायचं असतं.

अहमदपूर मागं पडलं. हमरस्त्यावर ट्रक शेजारून गेले की तिन्ही नर माना काढून त्यांच्यावर फुसफुसत. मंजुषाच्या पदरातला मोबाईल वाजला. थोरल्यांचा होता. तो वाजायचा थांबला तसा धाकट्यांचा आला.

"उचलू का, अक्का?"

अक्काचा एक हात सरदाराच्या पोटाखाली होता. शेपटीकडच्या दोन हाडांच्या मध्ये ती बोटं घालून बघत होती. अंडं लांब असेल तेव्हा तिथं एक बोट मावतं, जवळ आलं की दोन. तिनं एक बोट घातलं, दुसरं घातलं, थांबली. मग तिसरं.

"राहू दे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं केबिनच्या पत्र्यावर थाप मारली. "बाबा, पुढं गतिरोधक हाय. दमानं घे."